चौघांत एक बांगडी

डॉक्टरीणबाईंचा डावा हात परातीतल्या साबणाच्या पाण्यात होता आणि त्या हाताभोवती चार पुरुष घाम पुसत उभे होते. हातातली हिरवी बांगडी काही केल्या निघत नव्हती.

"वहिनी, अंगठा आणखी थोडा आत दुमडा," कॅशियर म्हणाले.

"आणखी दुमडला तर कोपरातून बाहेर येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बांगडी जेडची होती. जेड म्हणजे हिरवा, गुळगुळीत, महागडा दगड. पाणीपट्टी कार्यालयातल्या चौघांनी मिळून, पुढे नफ्यात विकायला, ही एकच बांगडी घेतली होती. एक कॅशियर, दुसरे आवक-जावक सांभाळणारे, म्हणून ज्यांना सगळे आवकजावकच म्हणत, तिसरे मीटर रीडर आणि चौथे हेडक्लार्क, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे यजमान. "सोनं काय, कुणीही घेतं," असं कॅशियर म्हणाले होते, आणि बाकीच्या तिघांना आपण 'कुणीही' नाही हे एकदम पटलं होतं. हेडक्लार्कांनी त्यात बायकोच्या दवाखान्याच्या नव्या पत्र्यासाठी साठवलेले पैसे घातले होते. हे तिला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

सोनं अडीनडीला मोडता येतं. जेडही मोडतं, पण ते मोडलं की अडीनडी सुरू होते. सोन्याचा भाव रोज कळतो. जेडचा भाव समोरचा देईल तो. या गोष्टी कॅशियरना ठाऊक नव्हत्या, त्यामुळे त्यांनी त्या कुणाला सांगितल्याही नव्हत्या.

गिऱ्हाईकाला पाठवायला फोटो हवा, म्हणून त्यांनीच ती वहिनींच्या हातात चढवायला लावली होती. "नुसती बांगडी म्हणजे रिकामी खुर्ची. कुणीतरी बसलेलं दिसलं की रुबाब येतो!" बांगडी चढली, फोटो निघाला, भावही चढला. बांगडी तेवढी उतरली नाही.

तेव्हापासून तिघे भागीदार रोज संध्याकाळी येऊ लागले. पूर्वी ते "वहिनी कशा आहेत?" असं विचारत, आता "हात कसा आहे?" असं विचारत. मीटर रीडर सवयीने मनगटावर टॉर्च मारून बघत. आवकजावक उसासा टाकत, "आवक झाली, जावक होत नाही." आपटली तर काचेसारखी जाईल, म्हणून डॉक्टरीणबाईंनी भांड्याला हात लावायचा नाही, दार ढकलायचं नाही, डास मारायचा नाही. त्या होत्या जनावरांच्या डॉक्टर. एका हाताने कुत्र्याला लस टोचता टोचता त्या टेकीला आल्या होत्या. त्यात गिऱ्हाईकाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "मला बांगडी हवी, बाई नको." ते आज चार वाजता येणार होतं.

तेवढ्यात फोन वाजला. गोठेवाल्या मावशींचा होता.

"डॉक्टरीणबाई, पळत या! गाय सकाळपासून अडलीय. एकच पाय बाहेर आलाय."

डॉक्टरीणबाईंनी हात पुसला, बॅग उचलली. कॅशियर दारात आडवे आले.

"वहिनी, चारला गिऱ्हाईक येतंय!"

"मग गायीला सांगू का, साडेचारला वी म्हणून?"

गुंतवणूक घराबाहेर पडली, तसे गुंतवणूकदारही तिच्या मागे निघाले. हेडक्लार्क गाडी चालवत होते. मागच्या सीटवर कॅशियरनी वहिनींचा हात उशीवर ठेवून घेतला होता आणि खड्डा आला की ते "सावकाश, सावकाश!" असे ओरडत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, पेशंट डॉक्टरीणबाईच आहेत.

गोठ्यात गाय आडवी पडून धापा टाकत होती. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून उजवा हात आत घातला, चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दुसरा पाय मागे दुमडलाय. उजवा हात पोचत नाही. डावा घालावा लागणार."

"कुठे?" आवकजावकांनी विचारलं.

"गायीत."

"बांगडीसकट?"

"छे! आत फुटली तर गाय जायची. आधी ती फोडू. मावशी, हातोडी आहे?"

मावशींनी खुंटे ठोकायची हातोडी पुढे केली. ती बघताच तिघे भागीदार डॉक्टरीणबाईंच्या हातावर अक्षरशः आडवे पडले.

"वहिनी, माझ्या मुलीचं लग्न आहे त्यात!" मीटर रीडर ओरडले.

"माझी मोटारसायकल!"

"माझ्या बायकोने अजून पाहिलीसुद्धा नाही हो!"

"उठा! हात सोडा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. गायीने जोराची कळ दिली आणि बाहेर आलेला एवढासा पाय थरथरला. आता वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी हात हिसकून घेतला, बांगडीवरूनच मोजा ओढला, अर्धी बाटली जेल त्यावर ओतलं आणि हात आत घातला.

गोठ्यात कुणी श्वास घेत नव्हतं. एक गाय तेवढी घेत होती.

"सापडला पाय... आला... सरळ झाला!" डॉक्टरीणबाईंनी हात बाहेर काढला. मोजा फाटून लोंबत होता. मनगट मोकळं होतं.

"बांगडी?" कॅशियरनी विचारलं.

"आत."

"आत म्हणजे?"

कॅशियर मटकन खाली बसले. गोठ्यात खाली बसण्यापूर्वी बघून घ्यायचं असतं, पण तेवढं भान त्यांना उरलं नव्हतं. जे सकाळभर साबणाला जमलं नव्हतं ते गायीने एका कळेत करून दाखवलं होतं. मीटर रीडर सवयीने टॉर्च पेटवून मागच्या बाजूला वाकले, आणि शेपटीचा फटका खाऊन सरळ झाले.

पुढच्याच कळेला वासरू आलं. आधी एक पाय. मग दुसरा पाय, आणि त्यात खुराच्या वर घट्ट बसलेली, ओली, लखलखीत हिरवी बांगडी.

"जावक झाली," आवकजावक क्षीण आवाजात म्हणाले.

"एक चरासुद्धा नाही!" कॅशियर उड्या मारू लागले. "म्हटलं नव्हतं, अस्सल माल! काढा, काढा!"

पण मऊ खूर दबून आत शिरला होता. आता तो उलट यायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपला.

"पाय गार पडतोय. सूज चढतेय. ताबडतोब फोडायला हवी, नाहीतर वासरू लंगडं होईल."

"मग फोडा की!" मावशी म्हणाल्या. "मी गरम पाणी घेऊन येते." आणि त्या बादली घेऊन घराकडे धावल्या.

"फक्त चारपर्यंत थांबा!" कॅशियर हात जोडू लागले. "गिऱ्हाईकाला इथेच बोलावतो. वासरासकट देऊ. त्याला बाई नको होती, वासराचं तो काही बोललेला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी वासराचा पाय मांडीवर घेतला, बांगडीला खालून टेकू म्हणून गोठ्यातली लोखंडी पहार सरकवली आणि नवऱ्यापुढे हातोडी धरली.

"अहो, मी पाय धरते. तुम्ही मारा."

हेडक्लार्कांनी हातोडी घेतली. तिघे भागीदार त्यांच्याकडे असे बघत होते की जणू ते पाय तोडायलाच निघाले आहेत, आणि तोही या तिघांचा.

"अगं," ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं होतं. यात दवाखान्याच्या पत्र्याचे पैसे आहेत."

डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"पत्र्याचे?"

"हो."

"सगळे?"

"सगळे."

वासराने बारीकसा हंबरडा फोडला. जनावर जगेल की नाही हे ठरवताना डॉक्टरीणबाई ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने त्यांनी नवऱ्याकडे क्षणभर बघितलं.

"ते घरी बघू," त्या म्हणाल्या. "मारा."

हेडक्लार्कांनी डोळे मिटले. मग तिथे बायकोची बोटंही आहेत हे आठवून उघडले, आणि हाणली. टक्! बांगडीचे तुकडे गवतात उडाले.

कुणीतरी हुंदका दिला. कॅशियरनी पायाशी पडलेला तुकडा उचलला, उलटसुलट केला, आणि त्यांचा चेहरा त्या तुकड्यासारखा झाला.

"हे आतून पांढरं आहे."

सगळे वाकले. हिरवा होता तो केसाएवढा वरचा पापुद्रा. आत खडूसारखा पांढराफटक दगड.

"रंग दिलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे मुलीचं लग्न..." मीटर रीडर म्हणाले. आवकजावकांनी तर कपाळालाच हात लावला. हेडक्लार्कांच्या डोळ्यांसमोरून दवाखान्याचे पत्रे एकेक करत उडून गेले.

मग कॅशियर एकदम ताठ झाले.

"एक मिनिट! रंग खोटा असेल, दगड तर खरा असेल ना? तुकड्यांचे कानातले होतात! एकही तुकडा जाता कामा नये!"

आशा माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही. तिघेही गुडघ्यांवर आले आणि हातांनी गवत, शेण, चारा उपसू लागले. हेडक्लार्कांचेही गुडघे अर्धे वाकले होते, पण बायकोची नजर पडली आणि ते आपोआप सरळ झाले. इकडे मोकळ्या झालेल्या पायाने वासरू धडपडत, लटपटत आपल्या चार पायांवर उभं राहिलं.

मावशी गरम पाण्याची बादली घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. समोर गाय, गायीपाशी वासरू, आणि त्यापलीकडे गवतात नाक खुपसून चार पायांवर फिरणारे आणखी तिघे. त्यांनी बादली हळूच खाली ठेवली.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "यातलं माझं कुठलं?"