कशाला बुजतंय ते हुडका

लहानूतात्यांना ‘चहा किती घेणार?’ असं विचारलं तर ते तोंडाने उत्तर देत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल ओढतात, विचारणाऱ्याच्या हातावर टाकतात आणि त्याखाली आपला हात घालून त्याचं बोट दाबतात. अख्खं बोट दाबलं की एक कप, पेर दाबलं की अर्धा. चेहरा असा, की चहाशी आपला काही संबंधच नाही. माझा धाकटा दीर पहिल्यांदा त्यांच्या तावडीत सापडला, तेव्हा हात सोडवून घेत मला म्हणाला, “वहिनी, हे म्हातारं मला काय विकतंय?”

विकत काहीच नव्हते. तात्यांनी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं दलाली केली. तिथे घेणारा आणि विकणारा टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. गुडघे गेले, बाजार सुटला, टॉवेल मात्र राहिला. नाव लहानू, आणि माणूस दारातून आत येतो तो वाकून आणि जरा तिरका होऊन.

माणसांची पारखही बाजारातलीच. गावातल्या एका पुढाऱ्याबद्दल त्यांचं मत, “दिसायला खिल्लार, पन औताला चालायचं न्हाई.” मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, सगळं गाव मला बाई म्हणतं; तर माझ्याबद्दल माझ्याच तोंडावर, “जुनी हाय, पन लाथ अजून मारती.” कोणी घाई केली की त्यांचं ठरलेलं, “बाजार उठला न्हाई अजून.”

असा शेजारी असला की आपण हसतो आणि सोडून देतो. मीही तेच करत होते, वेदू येईपर्यंत.

वेदू माझी नात. नऊ वर्षांची. गेल्या वर्षी मुलगा आणि सून तिला घेऊन पुण्याहून घरी राहायला आले. वेदूला ऑटिझम आहे. बोलते छान, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर तिला पाठ असतात. पण एखादी गोष्ट सोसण्यापलीकडे गेली की आधी तिची वाचा जाते, मग हात कानांवर जातात, मग ती पळते. आपण कुठे पळतोय हे तिला दिसत नाही. आमचं घर हमरस्त्यापासून तीन घरं आत. एकदा ती पळाली ती थेट रस्त्यावर. उसाच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक दाबला. तो ब्रेक मला अजून कुकरच्या शिट्टीत ऐकू येतो.

मग मी काय केलं? दृष्ट काढली! मीठ, मोहरी, सात मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. घरभर ठसका. वेदू दोन तास पलंगाखाली. आणि मी सुनेला म्हणते, “बघ, केवढी दृष्ट होती!”

नगरच्या समुपदेशक बाईंनी चेहऱ्यांची चित्रं दिली. हसरा, रडका, घाबरलेला. मुलीने आपल्याला काय होतंय ते त्यावर दाखवायचं. वेदूने ती नीट ओळीने लावली, कुणाचे किती दात दिसतात त्या क्रमाने. त्या बाई म्हणाल्या, “पळण्याआधी नेमकं काय घडतं ते शोधा. आणि तिला ते वेळेत सांगता येईल अशी तिची रीत तिला सापडू द्या.” मी मनात म्हटलं, हात्तिच्या, सोपं आहे. घरी येऊन वेदूसमोर खुर्ची टाकून बसले आणि विचारलं, “वेदिका, तुला कशाकशाचा त्रास होतो? पूर्ण वाक्यात सांग.”

ती पुन्हा पलंगाखाली.

“बाई,” कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला, “पोरगी हट्टी न्हाई. बुजतीया.”

“तात्या, तुम्ही यात पडू नका.”

“बैल बुजला तर मारून, वरडून काय उपेग? कशाला बुजतंय ते हुडका. कुनी छत्रीला बुजतो, कुनी डबक्याला. आमी इकायच्या आदी सांगायचो, ह्यो पांढऱ्या गाडीला बुजतो, बाकी लई गुनाचा हाय.”

“माझी नात काय बैल आहे?”

“बैल बरा. त्येच्या आजीला राग येत न्हाई.”

त्यानंतर दोन आठवडे हा डोंगर माझ्या नातीपासून दहा पावलं मागे चालत होता. शाळेच्या फाटकापर्यंत, दुकानापर्यंत. बघायचे, घरी यायचे आणि मला लिहायला लावायचे, कारण लिहिण्याशी त्यांचं वैर. यादी झाली ती अशी: माईक कुईं करतो तेव्हा. फिनेलचा वास. कुणी मागून अंगाला लागलं तर. ठरलेलं बदललं तर. पाचवी ओळ सांगताना तात्या छताकडे बघत होते. “लिवा. आजी घाई करती तवा.”

लिहिलं. काय करते!

यादी तर झाली, पण वाचा गेल्यावर ती सांगणार कशी? तिथे टॉवेल आला. तात्यांनी आपला पंजा टॉवेलाखाली नुसता उघडा ठेवायचा. धरायचं वेदूने, वाटलं तर. अंगठा म्हणजे आवाज, त्याच्याजवळचं बोट वास, मधलं म्हणजे माणसं अंगावर येतात, त्यापुढचं म्हणजे आता काय होणार ते कळत नाही. करंगळी म्हणजे मला बाहेर न्या. जेवढा त्रास तेवढं जोरात. वेदूला हे पटलं, कारण यात कुणी तिच्या तोंडाकडे बघत नव्हतं. समुपदेशक बाईंनाही पटलं, त्यांनी तर मला सांगितलं, “आजी, तुम्हीही शिका.” मी हसण्यावारी नेलं. एवढी वर्षं वर्ग चालवलेल्या बाईने टॉवेलाखाली बोटं दाबत बसायचं?

मग माझ्या भाचीचा साखरपुडा आला. मंगल कार्यालय हमरस्त्याला लागून, फाटक सताड उघडं. सून म्हणाली, वेदूला घरीच ठेवू. वेदू म्हणाली, गुलाबजाम आहेत. म्हणून नेली. मुलगा आणि सून पंगतीत वाढायला गुंतले. वेदूच्या एका बाजूला तात्या टॉवेल पसरून, दुसऱ्या बाजूला मी. माझी नजर फाटकावरून हलत नव्हती. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मी मोजत होते.

तेवढ्यात माईकवरून तात्यांचं नाव पुकारलं. वडीलधाऱ्यांना टोपी-टॉवेलाचा मान होता. “आलोच,” म्हणून ते उठले. ते स्टेजवर चढले, आणि माईक कुईं करून किंचाळला. पाठोपाठ बाहेर फटाक्यांची माळ लागली.

वेदूचे ओठ मिटले. मला ते ओठ ठाऊक होते. आता कान, मग पाय, मग रस्ता. तिला घट्ट कवटाळून धरावं असं अगदी हातात आलं होतं. पण यादी मीच लिहिलेली. मी कसाबसा पदर मांडीवर पसरला आणि त्याखाली हात उघडा ठेवला.

कितीतरी वेळ काहीच नाही.

मग एक ओला, गार हात आत आला. चाचपडला. माझा अंगठा धरला आणि असा आवळला, की हाड मोडतंय असं वाटलं. मग करंगळी.

“चल,” मी म्हटलं. तेवढंच. आम्ही चालत, पळत नाही, चालत मागच्या दाराने बाहेर पडलो आणि पार्किंगमधल्या एका रिकाम्या ट्रॉलीवर जाऊन बसलो. आयुष्यात मी इतकी सावकाश कधी चालले नव्हते.

थोड्या वेळाने तात्या आले. नवी टोपी वाकडी, मानाचा टॉवेल मुठीत चुरगळलेला. आधी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन आले होते. बाजारात ज्याच्या चेहऱ्यावरची रेष कुणाला वाचता आली नाही, त्याचा चेहरा सगळा उघडा पडला होता. वेदूला बघून ते ट्रॉलीच्या चाकाला टेकले.

“बोलली?” त्यांनी विचारलं.

मी अंगठा दाखवला. लाल झाला होता.

त्यांनी मानाच्या टॉवेलाने तोंड पुसलं. मग म्हणाले, “सोपान बी असाच हुता. तुमच्याच वर्गात हुता, बाई.”

सोपान त्यांचा मुलगा. सतराव्या वर्षी घर सोडून गेला तो आलाच नाही. पुण्याकडे कुठे गोदामात आहे म्हणतात. आणि मला आठवला. प्रार्थनेला कानांवर हात ठेवून उभा राहणारा पोरगा. मी ते हात रोज काढायचे आणि बाजूला सरळ धरून ठेवायचे. महिनाभरात तो सरळ उभा राहायला लागला, तर हेडमास्तरांना सांगत सुटले, बघा कसा सुधारला! सव्वीस वर्षांची होते. स्वतःवर फार खूश असायचे मी.

“मी बी लई मारला त्येला,” तात्या म्हणाले. “हजार बैलाचं कळलं, कशाला बुजतो. घरातल्या पोराचं इचारलं न्हाई.”

वेदूची वाचा परत आली होती. ती चाकाजवळ उभ्या तात्यांकडे बघत म्हणाली, “तुम्ही कशाला बुजता?”

असलं काही त्यांना कधी कुणी विचारलं नसावं. “सांजच्याला,” ते म्हणाले, “कुलूप काढायला. आत कसलाच आवाज नसतो.”

“मग लावू नका.”

“आन चोर आलं तर?”

वेदूने जरा विचार केला. “मग आवाज होईल.”

तात्या हसले. इतके हसले की टोपी पडली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

मला सोपानचा नंबर मागायचा होता. पर्समधून मोबाईल काढला आणि काही न बोलता तात्यांपुढे धरला.

ते त्या फोनकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, घरी डायरीत असंल.

नंबर त्यांना पाठ होता.