आता मी हात लावते हां

ये ग, अशी जवळ बस माझ्या. आधी तो मोबाइल पालथा ठेव. नर्सिंग पास झालीस, नोकरी लागली आणि मला कळलं कुठून, तर तुझ्या आईच्या स्टेटसवरून! वर पेढ्यांचा फोटो. फोटो काय चाटायचा? शेवटी मीच आले येलहंक्याहून इथवर, निम्मा दिवस सिग्नलला बसून. आता आलेच आहे तर चार शब्द ऐकून घे. माझे नव्हेत. मला वॉर्डातलं काय कळतं? फिनेलच्या वासानंच चक्कर येते. आमच्या शेजारच्या सुशीला अक्काचे सांगते.

अक्का म्हणजे रिटायर्ड सिस्टर. मूळची निपाणीकडची. जन्म गेला इथल्या सरकारी इस्पितळात. वयानं माझ्याहून मोठी, पण आमचं अगं-तुगंच. तर ही बाई सांगितल्याशिवाय कुणालाही, कशालाही हात लावत नाही. हळदीकुंकवाला आली की आधी कोपरापर्यंत हात धुणार. मग म्हणणार, “आता मी कपाळाला हात लावते हां. स्वल्प गार लागेल. घाबरायचं नाही, सरी?” बायका बिचाऱ्या डोळे मिटून श्वास रोखतात. कुंकू लावतेय की टाका घालतेय, कळू नये!

आमच्या ह्यांनी जन्मभर कारखान्यात फोरमनगिरी केली, अजून घरात करतात. पण अक्का प्रेशरचा पट्टा घेऊन आली आणि “भावोजी, आता मी दंड धरते हां” म्हणाली, की ह्यांचं बीपी तिथंच चढतं. आणि भाजीच्या गाडीवर तर विचारू नको. दाबून बघायच्या आधी ही वांग्याला सांगते. भाजीवाला अण्णा कळवळून म्हणाला, “अम्मा, अदु बदनेकायी!” वांगं आहे हो ते. अक्का म्हणाली, “असू दे की. सवय मोडायला नको.”

गल्लीच्या टोकाला पोरींचं पीजी आहे. केरळच्या, कोलारच्या, आपल्या बेळगावकडच्या, सगळ्या नव्या नव्या नर्स. सुट्टीच्या दिवशी त्या दूध आणायला निघाल्या की अक्का फाटकात आडवी. तिथंच शाळा भरते.

“बूट संध्याकाळी विकत घ्यायचे. सकाळचा पाय वेगळा, ड्यूटी संपतानाचा पाय वेगळा.”

“बाथरूम रिकामी दिसली की जाऊन यायचं. आली नसली तरी जायचं.”

“डॉक्टरशी वाकडं झालं तर चालतंय. आयम्माशी, वॉर्डातल्या मावशीशी झालं तर चादरी मिळायच्या नाहीत.”

“जो नातेवाईक सगळ्यांत मोठ्यानं ओरडतो ना, तो सगळ्यांत उशिरा आलेला असतो. त्याला आधी पाणी दे.”

आणि “आज वॉर्ड कसा शांत आहे” असं म्हणायचं नाही. कधीच नाही, म्हटलं की वॉर्ड भरलाच समज. एक पोर नुसतं “इथं तुमच्या गल्लीत किती शांत आहे” म्हणाली, तर अक्कानं तिला घरात नेऊन तोंड धुवायला लावलं.

बेंगळुरूत नर्स व्हायचं तर “दुखतंय का” एवढं तरी प्रत्येक भाषेत यायला हवं, हा तिचा हट्ट. “नोवु इदेया? वलिक्कुदा? नोप्पी उंदा?” पोरी फाटकाशी पाढ्यांसारखं म्हणतात. परवा कुरिअरवाला मागं उभा होता. तो घाबरून म्हणाला, “नाही मॅडम, मला काही दुखत नाही.”

पण सगळ्यांवर कडी तो एकच नियम. सांगून हात लावायचा. शुद्धीत असो, बेशुद्ध असो, सांगायचं.

ह्या नियमानंच घोटाळा केला. माझी नात पल्लवी, तुझ्यासारखीच नवी, अक्काचे हेच नियम ऐकून तयार झालेली, सर्जापूर रोडकडच्या एका हॉस्पिटलात लागली. तिथं एक म्हातारी अज्जी सकाळी गेली. तिला स्वच्छ करायचं काम पल्लवीवर आणि आणखी एका सिस्टरवर आलं. पल्लवीनं फडकं पिळलं आणि तोंडातून निघून गेलं, “अज्जी, आता मी तोंड पुसते हां. पाणी कोमट आहे.” ती दुसरी जी हसत सुटली! जेवायच्या सुट्टीपर्यंत अख्खी कँटीन पल्लवीला ऐकवत होती, “आता मी इडलीला हात लावते हां!” वरून इन्चार्ज म्हणाली, “इथं जिवंतांशी बोलायला वेळ नाही आपल्याला.”

पोर थेट माझ्याकडे आली. पिशवी फेकली. “आजी, उद्या राजीनामा देणार. मला हे जमायचं नाही. आणि सगळं तुझ्या त्या अक्कामुळं!”

मी तिला दंडाला धरून शेजारी नेलं. अक्काला म्हटलं, बघ बाई, तुझं तूच निस्तर.

अक्कानं सगळं ऐकलं आणि गप्प बसली. अक्का, गप्प! मला वाटलं, हिलाच काही होतंय. मग म्हणाली, “त्या अज्जीजवळ कोण होतं?”

“कुणी नाही. मुलगा ट्रॅफिकमध्ये अडकला होता.”

“म्हणजे तिला निरोप तूच दिलास की ग.”

अक्का उठली, कोमट पाण्याचं घमेलं आणि पंचा आणला, दिवाणावर सरळ आडवी झाली आणि डोळे मिटले. “आता मी मेले. पूस.”

“अगं, अभद्र काय बोलतेस!” मी ओरडले.

“तू गप ग. मेलेल्या माणसाशी भांडू नये.”

पल्लवी रडता रडता हसली. मुकाट्यानं पुसायला लागली. अक्का मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, “ओटा पुसतेयस काय?”

तेव्हा पोरीनं श्वास घेतला. “अक्का, आता मी कपाळ पुसते हां. आता गाल. आता कानामागं.” हळूहळू तिचा आवाज सरळ झाला. अक्काच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरायला लागलं. ते घमेल्यातलं नव्हतं.

“अक्का,” पल्लवी हळूच म्हणाली, “मेलेली माणसं रडत नाहीत.”

“मला कुणी हातच लावला नाही की ग कितीतरी वर्षं. नमस्कारसुद्धा लांबूनच करतात.” मग जरा थांबून म्हणाली, “मान राहिली. मान पण पूस.”

लग्न केलं नाही अक्कानं. भाचरं आहेत, ती व्हिडिओ कॉलवर गोड दिसतात.

पल्लवी दुसऱ्या दिवशी कामावर गेली. हसणारी अजून हसते म्हणे. पल्लवी म्हणते, हसू दे. सुट्टी मिळाली की ती येऊन अक्काच्या डोक्याला तेल लावून देते. अक्का शंभर चुका काढते आणि तेल जिरून गेलं तरी मान खाली घालून बसून राहते.

पण पल्लवीची ड्यूटी बदलली की मध्येच खाडा पडतो. मग अक्का आमच्या भिंतीवरून डोकावते. “ती तुझी दुसरी, नर्सिंग पास झालेली पोर कधी येणार म्हणालीस?” काय सांगू तिला? माझ्याकडे नंतर आलीस तरी चालेल, आधी तिचं दार वाजव. ये ग. या सुट्टीलाच ये.