डोंगर जवळ आणण्याचा ठराव

क्विलब्रुक खोऱ्यातून हिवाळ्यात डोंगर दिसत नाही, ही तक्रार कौन्सिलच्या बैठकीत रीतसर मांडली गेली, तेव्हा डोंगराच्या बाजूने बोलायला कोणीही हजर नव्हतं.

टास्मानियातल्या या खोऱ्यात दर गुरुवारी डॉक्टरांचं छोटं विमान येई. यायचं की नाही, हे ठरे क्लॅरी पेटिफरच्या शब्दावर. क्लॅरी पूर्वी सफरचंदं पिकवायचा, आता हवा बघायचा. सकाळी अंगणात उभं राहायचं, उत्तरेचा डोंगर दिसला तर फोनवर ‘हवा स्वच्छ’ म्हणायचं, नाही दिसला तर नाही. त्या हिवाळ्यात तो सारखा नाहीच म्हणत होता, आणि घरात त्याची बायको ऊना खोकून खोकून अर्धी झाली होती. तिला डॉक्टर हवा होता.

डोंगर कुठे गेला नव्हता, मधे धूर होता. इथे घरोघरी लाकडाची शेगडी. झोपताना तिची हवा कोंडायची आणि एका ओंडक्यावर रात्र काढायची, हा खोऱ्यातला पराक्रम. कोंडलेला ओंडका धड जळत नाही, नुसता धुमसतो, आणि त्याचा बारीक धूर थंडीत तिथेच बसून राहतो. सकाळी दुकानात पहिला प्रश्न, “काय रे, कितीपर्यंत टिकला तुझा ओंडका?” न्याहारीपर्यंत निखारा राखणाऱ्याला मान असे. धूर मात्र कायम शेजाऱ्याचा.

“क्लॅरी, डोंगर किती लांब आहे?” अध्यक्षा मॅव्हिस ट्रेगेन्झाबाईंनी विचारलं.

“वीस किलोमीटर.”

“बघा! म्हणजे अडचण हवेची नाहीच, अंतराची आहे. एवढ्या लांबची खूण ठेवायला सांगितलं कोणी?”

“पण मॅव्हिस, विमानवाल्याला वरून...”

“तुला डॉक्टर हवाय की डोंगर?”

डोंगराची खूण रद्द होऊन तिथे चर्चच्या मनोऱ्याची नेमणूक झाली. मनोरा आठवडाभर दिसला, मग त्यानेही दिसणं सोडलं. कौन्सिलने त्याच्या वर्तनाबद्दल नापसंती नोंदवली आणि शेजारच्या नॉर्मची शेड नेमली. शेड गेल्यावर क्लॅरीच्या फाटकावरची पत्रपेटी. खूण जवळ येईल तशी खोऱ्याची हवा सुधारत गेली. गावाबाहेर ‘निर्मळ हवेचं खोरं’ अशी पाटी लागली. ती कुठे लावली आहे, ते लावणाऱ्यालाच ठाऊक.

गुरुवारी पत्रपेटी अंधुक का होईना, दिसली. तिच्यापलीकडे काहीच दिसत नव्हतं, पण आत ऊनाला धाप लागली होती. त्याने फोन उचलला आणि म्हणाला, “हवा स्वच्छ.”

धावपट्टीवर सगळं गाव लोटलं. विमानाची घरघर आली, विमान काही येईना. क्लॅरीच्या हातातल्या रेडिओवर वैमानिक ओरडला, “अरे, गाव कुठंय तुमचं? खाली नुसती करडी गोधडी पसरलीय!”

“त्याला जागा कळत नाहीये,” नॉर्म म्हणाला. “शेकोटी पेटवा रे!”

माणसं मोठी मदतीची. जो तो घरून लाकडं घेऊन आला, वर ओल्या निलगिरीचा पाला टाकला. घरघर दोनदा डोक्यावरून फिरली आणि दक्षिणेकडे विरून गेली. मोटारीत ऊना डोळे मिटून बसली होती. क्लॅरीला भडभडून आलं. पण रडावं तर आधीच सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याचं वेगळं कोणाला कळणार?

मॅव्हिसबाई संतापल्या. “दोषी धुराडी शोधा! क्लॅरी, तू खिडकीत बस. ज्याच्या धुराड्यातून धूर निघताना दिसेल त्याचं नाव मला कळव. गय करायची नाही.”

क्लॅरी खिडकीत बसला. धूर इतका दाट होता की एकही धुराडं दिसेना. दिवस मावळल्यावर त्याने खरं तेच कळवलं, की खोऱ्यात एकाही धुराड्यातून धूर निघताना दिसला नाही. कौन्सिलने गावकऱ्यांचं अभिनंदन केलं.

“आणि आपलं धुराडं?” पलंगावरून ऊनाने विचारलं. तिचे दात वाजत होते.

“आपलं कसं दिसणार? आपण आत आहोत ना!” क्लॅरी म्हणाला, आणि उठून त्याने शेगडीत आणखी एक ओंडका सारला.