भोऱ्याचं भाषाज्ञान

१९९६ साली आमच्या मुलीचं, हर्षालीचं लग्न झालं. मोठी संशोधनं अशा घरगुती घटनांतूनच सुरू होतात. वरातीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला, तो आमच्या भोऱ्या बैलाच्या डोक्यापाशी फुटला. (लावणारे पाहुणे पिंपळवंडीचे. नाव माहीत आहे, पण आता सोयरीक आहे.) बैल गुडघ्यावर बसला, उठला, आणि त्या दिवसापासून कधी कशाला दचकला नाही.

त्यानंतर महिनाभराने सुदर्शन सरांनी मला बैलगाडीवर पाहिलं. सर नारायणगावच्या बाजूला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. जनावराला माणसाची भाषा कळते का, हा त्यांचा विषय. मी "चल" म्हणालो, भोऱ्या चालला. "थांब" म्हणालो, थांबला. शेजारून ट्रक हॉर्न वाजवत गेला, त्याने मानसुद्धा वळवली नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. "दादा, एवढी एकाग्रता माझ्या एम.ए.च्या वर्गात नाही," ते म्हणाले.

भोऱ्याचा फॉर्म भरला गेला. एक्केचाळीस रकाने होते. शिंगांची लांबी, शेपटीचा गोंडा, मालकाचं शिक्षण, घरात येणारी वर्तमानपत्रं (शून्य), बैलाचा स्वभाव (विचारी). मी उतारवयात साक्षरता वर्गात लिहायला शिकलो. माझं अक्षर तेव्हा पाच वर्षांचं होतं, म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. पहिली नोंद मी लग्नातल्या बॉम्बची केली. सरांनी ती वाचली, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या आणि खाली सही केली.

पुढच्या वर्षी आमच्या संपतने ट्रॅक्टर आणला. भोऱ्याचा जोडीदार त्याच सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात गेला. बाजारातून म्हातारे बैल परत येत नाहीत. पुढचा सोमवार भोऱ्याचा होता. टेम्पोही सांगून झाला होता.

तेव्हा सरांनी पत्र दिलं : "सदर प्राणी संशोधनाधीन असल्याने संशोधन पूर्ण होईपर्यंत त्यास हलवू नये." खाली गोल शिक्का. संपत ट्रॅक्टरला भीत नाही, बापाला तर नाहीच, शिक्क्याला भितो. टेम्पो रिकामा गेला. मी पत्र दोनदा वाचलं आणि "पूर्ण होईपर्यंत" या शब्दांवर बोट ठेवलं. भाषेचं सामर्थ्य मला त्या दिवशी पटलं.

प्रयोग असा. अंगणात झाकलेली दोन घमेली. डावीकडच्यात पेंड, उजवीकडच्यात माती. मी गोणपाटाच्या पडद्याआड उभं राहून "पेंड" म्हणायचं. (पडदा अशासाठी, की मी डोळ्याने खुणावू नये. शास्त्र कोणावर विश्वास ठेवत नाही.) भोऱ्या शंभरपैकी शंभर वेळा डावीकडे गेला. जन्मभर तो जोडीत डावीकडे चालला होता, दुसरीकडे जाणार कुठे? पण तसा रकाना नव्हता. सरांनी विद्यार्थ्यांना आणून प्रयोग दाखवला. मुलांनी वह्यांत "आकलन : उत्तम" असं लिहून घेतलं.

मग पुण्याहून विद्यापीठाचं पत्र आलं, की घमेली बदलून पाहा. बदलली. भोऱ्या शंभर वेळा डावीकडे गेला आणि त्याने शंभर वेळा माती हुंगली. सर एक दिवस जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं : "प्राण्यास शब्द कळतो, तथापि तो न ऐकण्याचा स्वतंत्र निर्णय घेतो." हा शोध अगदीच नवा असल्यामुळे आणखी तीन वर्षं लागणार होती.

संपतचा धीर सुटला. त्याने बेल्ह्याचे व्यापारी तय्यबभाई यांना घरी आणलं. तय्यबभाईंनी दात पाहिले, खूर पाहिले, मग मागे जाऊन भोऱ्याच्या कानामागे दोनदा चुटकी वाजवली. माझ्याकडे बघून मिशीत हसले.

"संपतभाऊ, ह्यो माल न्हाई," ते म्हणाले. "ह्यो इद्यार्थी हाय. शिकू द्या त्याला."

माझ्या बायकोला, कुशाबाईला मात्र सरांची दया येई. "अवं, सांगून टाका की खरं. बिचारं उन्हात उभं ऱ्हातंय."

"सांगितलं तर सोमवारी बाजार."

तिने थोडा विचार केला. "मंग टोपी तरी द्या त्यास्नी," ती म्हणाली आणि आत गेली.

२००२ साली सर डॉक्टर झाले. संशोधन तरीही अपूर्णच ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा. शिक्क्याची मुदत त्यांनी स्वतःहून वाढवून दिली.

आता मुदत संपली आहे, म्हणून लिहितो. भोऱ्या ठार बहिरा होता. गाडीवर माझ्या पायाचा अंगठा त्याच्या शेपटीच्या बुडाशी असे. एकदा दाबला की चाल, दोनदा दाबला की थांब. बोलायची मला नुसती सवय. एक्केचाळीस रकान्यांत कानाचा रकाना नव्हता आणि मला कोणी विचारलं नाही. पण मी लपवलंही नाही. नोंदवहीच्या पहिल्या पानावर बॉम्बची नोंद होती, सरांनी ती वाचून पुढचं पान उलटलं. या लेखाच्या सुरुवातीलाही ती आहे. तुम्हीही ती वाचलीत आणि पुढे आलात. (आकलन : उत्तम.) भोऱ्याकडे निदान कारण होतं.

भोऱ्या ११ मे २००३ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, आमच्याच गोठ्यात, डाव्या कुशीवर वारला.