रांगेतलं गाणं

"कपाटात तोंड घालून देवाला हाक मारायची, हे मी पहिल्यांदाच ऐकतेय," सासूबाई म्हणाल्या.

कपाट सताड उघडं होतं. आत कोट, स्वेटर, सासऱ्यांचे सदरे दाटीवाटीनं लटकलेले. दोन्ही दारांवर रजया टाकलेल्या आणि मधोमध खुर्चीच्या पाठीला चिकटपट्टीनं बांधलेला माइक. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे सुनेनं परोपरीनं समजावलं होतं. सासूबाईंना त्यातलं एवढंच कळलं, की आपल्याला डांबराच्या गोळ्यांच्या वासात गायला बसवण्यात येत आहे.

सुनेचा धंदाच आवाजाचा. निरनिराळ्या कचेऱ्यांना फोन लावला की एक गोड बाई सांगते, आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा. तसल्या सूचना बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती नोकरीला होती. गोड बाई बोलून घरी जायची आणि मग तिचे श्वास, अडखळणं, खाकरणं पुसून तिला आणखी गोड करायचं काम सुनेचं. नवरा कामासाठी परगावी गेलेला, त्यामुळे घरातलं हे रेकॉर्डिंग तिच्या एकटीच्या गळ्यात पडलं होतं.

कारण घडलं ते असं. सासूबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, गुरुवारी काढून टाकू. आवाजाची नस तिच्या शेजारूनच जाते, तेव्हा पुढे आवाज थोडा बदलला तर घाबरू नका. डॉक्टरांनी घाबरू नका म्हटल्यावर माणसं जशी घाबरतात, तसं सगळं घर रीतसर घाबरलं. सर्वांत जास्त सासरे. रोज पहाटे सासूबाई स्वयंपाकघरात देवाची गाणी म्हणत, ती ऐकत अंथरुणात पडून राहायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आवाज बदलला तर उजाडलं हे मला कळायचं कसं, असं ते सुनेला एकांतात म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. म्हणून हा कपाटाचा खटाटोप.

सासूबाई तयार झाल्या, पण अटीवर.

"ही गाणी त्याची आहेत. मी म्हणायची, त्यानं ऐकायची. तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नयेत."

"म्हणजे मी तिसरा," सासरे म्हणाले.

"तुम्ही भिंतीसारखे. भिंतीनं ऐकलं तर चालतं." मग त्या सुनेकडे वळल्या. "शब्द दे. घराबाहेर हा आवाज गेला, तर गुरुवारी मी दवाखान्याची पायरी चढणार नाही."

सुनेनं शब्द दिला. ऑपरेशन टाळायला सासूबाई आधीच निमित्त शोधत होत्या. कधी म्हणत, बसलं की गाठ लहान वाटते. कधी म्हणत, त्या डॉक्टरची पोरगेली मिशी बघून विश्वास बसत नाही. त्यांच्या हातात आणखी एक निमित्त पडून चालणार नव्हतं.

शनिवार-रविवार गाण्यांत गेले. फ्रिज बंद केला तेव्हा फ्रिजचा आवाज गेला आणि घड्याळाचा ऐकू यायला लागला. घड्याळ उचलून पलंगाखाली ठेवलं, तर वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवू लागलं. हे सगळं थांबलं की सासऱ्यांची पाळी. गाणं सुरेख व्हायचं, शेवटचा सूर हवेत असायचा, आणि सासरे म्हणायचे, "वा." त्यांना बाहेर पाठवलं, तर दाराला कान लावून "वा." अखेर सुनेनं त्यांना जिन्यात बसवलं. मग मात्र सासूबाईंचा आवाजच लागेना.

"समोर कोणी नाही. म्हणू कोणाला?"

"देवाला, आई. तुम्हीच म्हणालात."

"तो आहेच गं," सासूबाई जरा ओशाळून म्हणाल्या, "पण तो वा म्हणत नाही."

सासऱ्यांना जिन्यातून परत आणण्यात आलं. ते तोंडावर रुमाल दाबून पलंगावर बसले आणि गाणी झाली.

मग मिक्सिंग. सुनेचा हात नोकरीच्या वळणावर गेलेला. तिनं सवयीनं पहिल्या गाण्यातले सगळे श्वास पुसले, मधल्या शांत जागा कापल्या, आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट केला. ऐकताना वाटे, आता ही म्हणणार, अधिक माहितीसाठी एक दाबा. सासूबाईंनी हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि विचारलं, "ही बाई श्वास घेत नाही. वारली का?"

मग सून एकेक श्वास हुडकून परत जागेवर बसवू लागली. तेवढ्यात तिच्या साहेबांचा फोन आला. पाणीपुरवठ्याच्या कचेरीची सूचना आजच्या आज पाहिजे, उद्या सकाळी त्यांचं नवीन यंत्र सुरू व्हायचंय. म्हणजे एका कानात सासूबाई आणि दुसऱ्या कानात पाणीपुरवठा.

आता या धंद्यातल्या लोकांची एक खोड सांगायला हवी. फाइल पुरी झाली की ते तिला नाव देतात "अंतिम". मग एक चूक सापडते, म्हणून "अंतिम नवं". मग "अंतिम पक्कं". मग माणूस वैतागतो आणि नाव देतो, "हेच". सुनेच्या कंपनीत "हेच"च्या पुढे कोणी जात नसे. त्या संध्याकाळी तिच्या लॅपटॉपवर दोन "हेच" तयार झाले. एक सासऱ्यांच्या फोनवर जायचं होतं, एक पाणीपुरवठ्याला. आणि पाठीशी सासूबाई उभ्या राहून विचारत होत्या, ही कुठे चालली, ती कुठे चालली. कान बधिर झालेले, खांद्यावर सासूबाईंचा श्वास. सुनेनं भराभर दोन बटणं दाबली आणि लॅपटॉप मिटला.

"बाहेर नाही ना गेलं काही?"

"तुमचं गाणं फक्त बाबांच्या फोनवर, आई," सून म्हणाली, आणि ते ती अगदी मनापासून म्हणाली.

सोमवारी ती कामावर पोचते न पोचते तोच सासऱ्यांचा फोन आला. ते दबक्या आवाजात बोलत होते.

"सूनबाई, यात गाणं नाही. यात एक बाई सांगते की मी रांगेत आहे."

सुनेनं हातातला कप खाली ठेवला.

"आणि म्हणते, माझा नंबर लवकरच येईल. ते मलाही माहीत आहे गं, पण सकाळी उठल्याउठल्या ऐकायला बरं नाही वाटत."

रांगेतली बाई सासऱ्यांकडे आहे, तर सासूबाई कुठे आहेत, हे कळायला सुनेला फार विचार करावा लागला नाही. तिनं पाणीपुरवठ्याचा नंबर लावला. घंटी वाजली, खट्ट झालं, आणि पलीकडून सासूबाई गाऊ लागल्या. श्वासांसकट. दर श्वास तिनंच काल शोधून शोधून बसवलेला. सून फोन घट्ट धरून, मान खाली घालून ऐकत राहिली. आपण केलेलं पाप इतकं सुस्पष्ट आणि खरखरीविना कानावर पडण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

दुसरं कडवं चालू असतानाच एका कारकुनानं फोन उचलला. सुनेनं घाईघाईनं सांगितलं, की हे गाणं चुकून आलंय, आत्ताच्या आत्ता बंद करा. कारकून म्हणाला, सकाळी मोठा पाइप फुटलाय, अर्ध्या गावाला पाणी नाही, श्वास घ्यायला सवड नाही. त्यातून यंत्राला हात लावायची परवानगी एकाच माणसाला, आणि तो पाइपाकडे गेलाय. त्याचा नंबर तिनं मागितला. तो याच लाइनवर लागतो, आपल्याला रांगेत थांबावं लागेल, असं उत्तर आलं.

"आणि ताई, खरं सांगू का, बंद कशाला करताय? मी नोकरीला लागल्यापासून फोन उचलला की शिव्या खातोय. आज उचलला की लोक म्हणतात, एक मिनिट थांबा, एवढं कडवं होऊ दे."

अर्ध्या गावाला पाणी नाही, म्हणजे अर्धं गाव फोन लावून सासूबाईंना ऐकतंय. आणि त्या अर्ध्या गावात आपलं घर येतं का, हा प्रश्न तिला त्यानंतर सुचला. तिनं घरी फोन लावला. घरचा फोन गुंतलेला. पुन्हा लावला, गुंतलेला. मग सासऱ्यांच्या मोबाइलवर लावला.

"नळ कोरडा पडलाय," सासरे कुजबुजले. "आणि ती पाण्याच्या ऑफिसला फोन लावून बसलीय."

"बाबा, त्यांच्या हातातून फोन काढून घ्या. काहीही सांगा."

"मी?" सासरे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसाराचं सार त्या एका अक्षरात आलं होतं.

साहेबांना पोट बिघडल्याचं सांगून सून निघाली. ते काही तसं खोटंही नव्हतं. वाटेत तिनं मनात तऱ्हेतऱ्हेची वाक्यं जुळवली. यंत्राचा दोष म्हणावा, तर यंत्र काही स्वतःहून देवाची गाणी म्हणत नाही. आवाज दुसऱ्या कोणाचा म्हणावा, तर सासूबाईंना फसवून ऑपरेशनला पाठवल्यासारखं होईल, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर? घराच्या जिन्यापर्यंत पोचता पोचता तिच्याजवळ एकही वाक्य उरलं नव्हतं. फक्त गुरुवार उरला होता.

दार उघडंच होतं. सासूबाई फोनच्या टेबलाशी खुर्चीवर बसलेल्या, रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले. सासरे रिकामी बादली हातात धरून भिंतीशी उभे, खरंच भिंतीसारखे. त्यांनी सुनेला नजरेनंच सांगितलं, की सगळं संपलंय.

रिसीव्हरमधून बारीक खट्ट आवाज आला, कोणीतरी "बोला" म्हणालं. सासूबाईंनी काही न बोलता फोन ठेवला आणि पुन्हा तोच नंबर फिरवायला लागल्या.

"सकाळपासून असंच चाललंय," सासरे पुटपुटले. "त्यांनी उचलला की ही ठेवते."

"आई," सून म्हणाली, "चूक माझी आहे. मी शब्द मोडला. मुद्दाम नाही, पण मोडला. तुम्ही मला काय हवं ते बोला, पण गुरुवार..."

सासूबाईंनी हात वर केला. नंबर लागला असावा, कारण त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग बोलल्या, रिसीव्हर कानापासून न हलवता.

"पहिल्यांदा लावला तेव्हा वाटलं, कोणीतरी बाई आहे. बरी म्हणते. गाठ निघाल्यापासून माझ्या छातीत धडधडत होतं. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. मिशीचं काय, गाठ लहान झाल्याचं काय, सगळं त्या भीतीपायी. तिनं दोन ओळी म्हटल्या आणि धडधड बसली. म्हटलं, या बाईला विचारावं, कुठली गं तू? तर दुसऱ्या कडव्यात ती एका जागी घसरली. तिथे मीच घसरते."

सासऱ्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली.

"रागावला नाहीत?" सुनेनं विचारलं.

"रागावलेय ना. तुला सोडणार नाही. पण ते नंतर." सासूबाईंनी डोळे उघडले. "इतकी वर्षं मी त्याला म्हणून दाखवत आले. आज मलाच ऐकायची गरज होती, तर त्यानं माझंच मला परत पाठवलं. ते पण पाण्याच्या ऑफिसातून. आता त्याच्याशी काय भांडायचं?"

तेवढ्यात पलीकडून पुन्हा "बोला" आलं. या वेळी सासूबाईंनी फोन ठेवला नाही. पदर सारखा केला आणि ताठ बसल्या.

"तक्रार नोंदवायची आहे."

कारकुनानं थकल्या आवाजात विचारलं, काय तक्रार.

"तुम्ही फोन फार लवकर उचलता."

तो म्हणाला, बाई, पुन्हा सांगता का.

"देवाचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. माणूस हाक मारत मारत पार दारापर्यंत पोचतो, आणि तुम्ही मध्येच उभे राहून म्हणता, बोला. सकाळपासून बघतेय मी. एकदाही नावापर्यंत पोचू दिलं नाहीत."

उशिरा उचलता, उचलतच नाही, उचलून ठेवून देता, या तक्रारी कारकुनाला पाठ होत्या. या तक्रारीसाठी त्याच्याजवळ रकानाच नसावा. तो अगदी हळू, जवळजवळ अदबीनं म्हणाला, मग किती उशिरा उचलू?

"शेवटचं कडवं होऊ द्यात. आणि ते गाणं गुरुवारपर्यंत तरी काढू नका. त्या दिवशी माझं ऑपरेशन आहे. आत नेण्याआधी मी दवाखान्यातून तुम्हाला फोन लावणार. तेव्हा नीट, पूर्ण ऐकू आलं पाहिजे."

सून भिंतीला टेकून खाली बसली.

कारकून म्हणाला, नोंद केली, आणि पाण्याची काही तक्रार आहे का? सासूबाईंनी सासऱ्यांच्या हातातल्या बादलीकडे पाहिलं.

"पाणी काय, यायचं तेव्हा येईल," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सासऱ्यांनी बादली उपडी केली, फोनच्या टेबलाजवळ सरकवली आणि तिच्यावर बसले.

"लाव पुन्हा," ते म्हणाले. "थांबतो का बघू."