फेलोशिपचं गाऱ्हाणं

गाऱ्हाणं घालण्यात माझा हात धरणारा माणूस कट्टा गावापासून आचऱ्यापर्यंत सापडायचा नाही. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! देवापुढे नारळ धरून, सगळ्यांच्या वतीने मागणं मागायला मी तोंड उघडलं की देवाला हातातली बाकीची कामं बाजूला ठेवावी लागतात. मागे कट्ट्याच्या स्टॉपवर एसटी बंद पडली होती. मी तिथल्या तिथे गाऱ्हाणं घातलं. गाडी अशी सुरू झाली की ड्रायव्हर टपरीवर चहा पितोय आणि गाडी धामापूरच्या वळणावर! सरळ तलावातच जायची, पण मी 'म्हाराजा, आता पुरे' म्हणालो म्हणून देवळाकडे तोंड करून उभी राहिली. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो वारला, ही गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाच्या घरात रसिका जन्मली. माझ्या पुतण्याची मुलगी. मुंबईत शिकली, कुडाळला एका संस्थेत नोकरी केली आणि मग परदेशात जाऊन सार्वजनिक धोरण शिकायचं तिच्या डोक्यात भरलं.

"धोरण शिकतत म्हणजे काय करतत गो?" मी विचारलं.

"सरकारान जा ठरवला, ता लोकांका खरोखर होया होता काय, आणि तेंच्यापर्यंत नीट पोचला काय, ता तपासूचा."

"म्हणजे सासूचा काम!"

"पण सासूक कोण फेलोशिप देणा नाय, आजोबा!"

सगळं अडलं होतं ते त्या फेलोशिपवरच. विद्यापीठाने तिला घेतलं होतं. पण तिथला खर्च असा की घर, बाग आणि वर मला विकलं असतं तरी पोर विमानतळापर्यंतच पोचली असती. तिच्या बापाने बजावून ठेवलं होतं, "मिळाली तर जा. नायतर मुकाट बँकेची परीक्षा दी." वर्षभर खपून तिने अर्ज भरले, निबंध लिहिले, आणि शेवटी एक मुलाखत तेवढी राहिली. संशोधनाचा विषय काय, तर गावच्या बैठकीत लोक 'होय' म्हणतात तेव्हा ते खरोखर ऐकून म्हणतात का?

"ह्या शिकाक इतक्या लांब कित्या जातंस?" मी म्हटलं. "माका इचार. माझ्या गाऱ्हाण्याक सगळे मनापासून होय म्हणतत!"

ती नुसतीच हसली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आता आमच्या वाडीत मोबाईलची रेंज देवाच्या कृपेने आहे, म्हणजे फक्त देवळात आहे. सभामंडपाला लागून जत्रेची भांडी ठेवायची खोली आहे, तिथे रसिकाने बस्तान मांडलं. टोपांवर चादर घातली, खुर्चीवर पाट ठेवला, पाटावर लॅपटॉप. मला दाराबाहेर राखणीला बसवलं.

"आजोबा, कोणाक आवाज करूक देव नकात. तुम्ही स्वतः तर अजिबात नको!"

"मी? माझो श्वाससुद्धा आयकाक येवचो नाय!"

शब्द दिला खरा, पण बसल्या बसल्या मनात विचार आला. फेलोशिप एक आणि अर्ज देशोदेशीचे. त्यांनाही देव असणार, आणि तिथलेही म्हातारे काही गप्प बसले नसणार! आपल्या देवाच्या कानावर वेळेत घातलं नाही तर तो बिचारा काय करील? मी हळूच वाडी जमवली. बेत असा, की सभामंडपात बसून कुजबुजत्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं आणि लोकांनी कुजबुजतच 'होय म्हाराजा' म्हणायचं. जगातला पहिलाच प्रयोग!

दिवेलागणीला माणसं जमली. सगळ्यांत पुढे हौसाबाई. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज असा की तिने इथे कोंबडीला हाक मारली तर आचऱ्याची कोंबडी मान वर करते. माझ्यासमोर जत्रेचा माईक तसाच उभा होता. बंद होता, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. शहाण्या माणसाने बंद वस्तूवर कधी विश्वास ठेवू नये!

मी नारळ उचलला आणि लाइट गेली.

आता इथे मिंगेल आला. मिंगेल माझा जुना दोस्त. आयुष्य बोटीवर स्वयंपाक करण्यात गेलं, त्यामुळे जगातल्या कुठल्याही अडचणीवर आपल्याकडे उपाय आहे अशी त्याची समजूत. रसिकाच्या लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, म्हणून हा पठ्ठ्या आपला जनरेटर घेऊन तयारीतच बसला होता.

"भिया नको गो रसिका!" असं ओरडून त्याने जनरेटर सुरू केला आणि देवळाच्या बोर्डावरची होती नव्हती ती सगळी बटणं खाली केली. लॅपटॉप चालू झाला. पंखा चालू झाला. आणि माईकही चालू झाला! जत्रेचा भोंगा कुठे बांधलेला होता म्हणता? रसिकाच्या खिडकीवर!

पुढचं खोलीतलं सगळं मला रसिकाने नंतर सांगितलं. थोडं मीठ मी घातलंय.

पडद्यावर तिघं परीक्षक होते, दोन साहेब आणि मधोमध एक बाई. बाई विचारत होत्या, "गावातल्या संमतीबद्दल तुम्ही लिहिलंय. पण लोक नुसतेच हो म्हणतात, हे सिद्ध कसं करणार?" रसिकाने उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि आकाशातून माझा आवाज आला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजाऽऽ!"

कुजबुजीचा बेत पहिल्याच 'होय'ला बुडाला. हौसाबाईला कुजबुजणं म्हणजे काय ते कोणी शिकवलंच नव्हतं. आणि एकदा गाऱ्हाणं सुरू झालं की मधे थांबवता येत नाही!

"आज ह्या तुझा लेकरू परदेशातल्या तीन पंचांच्या म्होरे बसला हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"त्या तीन पंचांची बुद्धी थाऱ्यार ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि जे कोण आडवे येतीत, तेंचे कॅमेरे बंद पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजाऽऽ!"

टोपांवरची झाकणं थरथरली. साहेबांनी कानातली यंत्रं काढून पुसली. बाईंनी विचारलं, "हे काय चाललंय?"

पोरगी खरी बोलणारी. म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना चालली आहे. तुम्हा तिघांची बुद्धी ठिकाणावर राहावी, अशी मागणी आहे."

"आणि सगळ्यांचं यावर एकमत आहे?"

रसिका उठली. मग लॅपटॉप उचलून सरळ सभामंडपात आली. "सिद्ध कसं करणार, विचारलंत ना? बघा!" तिने पडदा आमच्याकडे वळवला आणि माझ्या कानाशी येऊन एक वाक्य सांगितलं. "आजोबा, ह्या एवढा घाला."

मला वाटलं, फेलोशिपचंच काही महत्त्वाचं असणार. अर्थाकडे कोण बघतो? गाऱ्हाण्याची लय चुकता कामा नये! मी छाती भरून म्हटलं, "आजपासून वर्षभर ह्या वाडीत कोणी मासो तोंडात घालूचो नाय रे म्हाराजाऽऽ!"

"होय म्हाराजाऽऽऽ!"

आणि लयीत मी नारळ आपटला. दोन स्वच्छ भकलं, म्हणजे मागणं देवाकडे पोचलं!

मग जनरेटरसुद्धा लाजून बंद पडला. अंधारात हौसाबाईचा आवाज आला, "भाई... आत्ता तू काय बोललंस?"

"तू कशाक होय म्हणालंस?"

"माका काय ठावक! मी माझो आवाज दिलंय! मेल्या, घराकडे बांगडे मीठ-मसालो लावन ठेवलेले आसत माझे!"

रसिकाने सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं, तशी लॅपटॉपच्या उजेडात तिघं परीक्षक टेबलावर डोकं ठेवून हसू लागले. बाईंनी डोळे पुसत फक्त एवढंच विचारलं, "आता मासे खरंच बंद?"

रसिकाला फेलोशिप मिळाली, हे सांगायला नकोच. ऑगस्टात ती विमानात बसली. वाडी मात्र दुधी भोपळ्यावर बसली! रसिका जाताना म्हणत होती, "आजोबा, ता संशोधनासाठी होता, खऱ्यातला नाय." पण देवाच्या दारात संशोधन हा रकाना नाही. आम्ही सुटकेसाठी कौल लावला, तर डावीकडचं फूल पडलं, म्हणजे देवाचा नकार. पुन्हा लावला, पुन्हा डावं! मिंगेल म्हणाला, "माका ह्या लागू नाय. माझो देव येगळो." पण त्याचं 'होय' भोंग्यातून सगळ्यांनी ऐकलं होतं. शिवाय त्याची बायको अ‍ॅनी म्हणाली, "देव येगळो आसात, पण तोंड तुझाच होता!" आणि तिनेही भोपळाच चिरायला घेतला. बंदरावरचं मांजर आमच्या वाडीकडे पाठ करून बसू लागलं.

मला वाटलं, लोक चार दिवस शिव्या देतील आणि विसरतील. पण लोक त्याहून भयंकर काही करू लागले. ते ऐकू लागले!

जत्रेचं गाऱ्हाणं मी घालायला उभा राहिलो. "ह्या सगळ्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा!" 'होय' आलंच नाही. मागून वाडीतल्या सुदेशने हात वर केला.

"सगळ्यांका म्हणजे कोणाकोणाक? माझ्या शेजाऱ्याकय?"

त्यावर चर्चा झाली. शेजाऱ्याने आपली बाजू मांडली. पूर्वी पाच मिनिटांत आटपणारं गाऱ्हाणं दुपारपर्यंत चाललं आणि देवाचा नैवेद्य गार झाला. ग्रामसभेत तर एकेक ठराव तीनदा वाचून घ्यायला लागले. सरपंच माझ्याशी बोलत नाहीत.

आणि डिसेंबरात रसिकाचा व्हिडिओ कॉल आला.

"आजोबा, पुढल्या म्हयन्यात माझ्यावांगडा माझे प्राध्यापक येतहत. लोक न आयकता होय कसे म्हणतत, ता बघूक! सगळा तयार आसा ना?"

मी घसा साफ केला. "रसिका, आता लोक आयकतत."

"म्हणजे?"

"आयकतत. प्रश्न इचारतत. सुदेश तर लिहून घेता."

पडद्यावर तिने कपाळाला हात लावला. मग हळूच, "आजोबा, तुम्ही माझो विषयच संपवलात!"

"भिया नको!" मी म्हटलं. "मी आसंय ना! गाऱ्हाणा घालतंय!"

दुसऱ्या दिवशी वाडी जमवली. माईक नीट बंद आहे की नाही ते दोनदा पाहिलं. नारळ उचलला, छाती भरून घेतली आणि म्हटलं, "बा देवा म्हाराजा! ह्या लेकरांका पयल्यासारखी, न आयकता होय म्हणाची बुद्धी दी रे म्हाराजाऽऽ!"

 हौसाबाईने चष्मा नाकावर सारला.

"भाई, आधी ह्या कागदार लिहून दी. घराकडे नेतंव, वाचतंव, मगे ठरवतंव."

नारळ अजून माझ्याच घरात आहे. परवा त्याला कोंब फुटला.