चंद्रीचं इंजेक्शन

आमच्या अख्ख्या घरात औषधातलं कळतं ते फक्त मला! त्यामुळे सून नम्रताच्या बाळंतपणाला शहापूरच्या दवाखान्यात तिच्याबरोबर मीच गेले. सोबतीला शेजारची, माझ्याच वयाची लहानी होती. उभा जन्म तिने दवाखान्यात आया म्हणून काढलेला.

नम्रताला आत घेतलं. डॉक्टर मिताली दाराशी येऊन म्हणाल्या, "काकू, बाळ झालं की लगेच ऑक्सिटोसिन देऊ. रक्तस्राव फार होऊ नये म्हणून."

माझ्या हातातली पिशवीच गळाली. हेच नाव घेत एक जण बिनलेबलची बाटली घेऊन आमची चंद्री म्हैस पान्हवायला आला होता. सापगावच्या रस्त्यापर्यंत मी त्याला खराटा घेऊन पिटाळलं होतं.

मी दारात आडवी झाले आणि त्या बाटलीवाल्याची अख्खी हकीकत डॉक्टरांना ऐकवली. "माझी सून म्हैस नाय."

"काकू, हे एक पेप्टाइड आहे..."

"आता तर ऑक्सिटोसिन म्हनालात." दोन नावं सांगणाऱ्याचा मला आधीच संशय येतो.

"तेच ते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच छोटा प्रकार, आपलं शरीरसुद्धा बनवतं. इन्सुलिनपण पेप्टाइडच."

मी हबकले. आमचे गणूभावजी रोज पोटात इन्सुलिन टोचून घेतात. "म्हंजे भावजींनापन पान्हा...?"

डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले. "नाही हो. प्रत्येकाचं काम वेगळं. हे माणसांसाठी बनवलेलं, गरजेपुरतं, मोजून देतो. तो बाटलीवाला दुधाच्या हावेनं टोचायला आलेला. त्याला हाकललंत ते बरंच केलंत. पण बाळ झाल्यावर रक्त थांबलं नाही, तर बाईच्या जिवावर बेततं."

आतून नम्रता कळवळली, "आई, दारातून सरका ना!"

मी सरकले. सरकले कसली, भिंतीला चिकटून उभी राहिले. मग बाळ रडलं. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाल्या, "मुलगी झाली. रक्तस्राव आटोक्यात आहे." माझी जीभ पुन्हा सुटली.

"काय एकेक औषधं निघतात गो लहाने. आपल्या टायमाला असलं काय नव्हतं. शेखर झाला तवा मला नुसतं ताकदीचं इंजेक्शन दिलेलं."

"ते हेच व्हतं," लहानी म्हणाली.

"तुला काय म्हाईत?"

"पाय मीच धरलेले ना तुझे. चंद्री काय लाथ मारील, अशी मारलेलीस."

बाळाचं टोपडं पिशवीत अगदी वरच होतं. तरी मी पिशवीत तोंड घालून बराच वेळ शोधत बसले.